शेजारचे आजोबा, नववीतला मुलगा आणि मोडीचा रुमाल : जोडी टिकवायची कशी?

गल्लीतला_एक
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. बेळगावात अनगोळ भागात एका गल्लीत ८४ वर्षांचे निवृत्त बाँड रायटर, म्हणजे दस्त लिहून देणारे, राहतात. एके काळी मोडी (मराठीची जुनी लपेटीची लिपी) झरझर वाचायचे. आता डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, फक्त कडेकडेचं दिसतं. एका कानाला यंत्र आहे, साखरेच्या गोळ्या चालू आहेत. समोरच्या घरातला मुलगा नववीत, कन्नड माध्यम. मराठी घरात बोलतो, वाचताना अडखळतो. त्याच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला आणि तेव्हापासून या दोघांचं मेतकूट जमलंय. एकाला लिपी येते पण दिसत नाही, दुसऱ्याला दिसतं पण लिपी येत नाही.

अडचणी अशा. आजोबा लवकर दमतात आणि चिडतात. मुलगा म्हणतो, "आजोबा कागदाकडे बघतच नाहीत." त्याच्या आईला दहावीची धास्ती. आजोबांच्या सुनेला वाटतं पोरगं म्हाताऱ्याला दमवतंय. कागद जमिनीचे आहेत, त्यामुळे चुलत्यांचेही कान टवकारलेत. "किती छान" वगैरे नको, करायचं कसं ते सांगा.

कडेची_नजर
डोळ्यांपासून सुरू करतो. पडद्याचा मधला भाग गेला की माणूस मुद्दाम थोडं बाजूला बघतो, कारण शाबूत भाग कडेला असतो. आजोबा मुलाच्या कानाकडे बघून बोलत असतील तर ते त्याचा चेहराच बघतायत. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, निम्मी कुरबुर तिथेच मिटेल. "सरळ बघा" असं कोणीही म्हणू नये.

मूळ कागद त्यांच्या डोळ्यांपुढे नाचवू नका. फोनने फोटो काढा, काळं-पांढरं करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि ए-थ्रीवर प्रिंट घ्या. फुलस्केप दस्ताचा अख्खा फोटो घेतलात तर ए-थ्रीवरही अक्षर फारसं वाढत नाही. म्हणून एका पानाचे वर-मधे-खाली असे तीन फोटो घ्या आणि प्रत्येकात दोन ओळी मागच्या फोटोतल्या येऊ द्या, म्हणजे ओळ गळत नाही. फ्लॅश बंद. खिडकीचा उजेड एका बाजूने. शाई पुसट असेल तर उजेड अगदी आडवा पाडा, बोरूने पडलेला ओरखडा दिसतो.

मग काळा पुठ्ठा घ्या आणि त्यात १८ सेंटीमीटर लांब, अडीच सेंटीमीटर रुंद खिडकी कापा. ती ओळीवर ठेवली की वरच्या-खालच्या ओळी झाकल्या जातात आणि कागदाची चकाकीही मारली जाते. ९ वॅटचा एलईडी दिवा खांद्यामागून, ज्या डोळ्याने बरं दिसतं त्या बाजूने, कागदापासून फूटभर. दिवा समोर ठेवला तर डोळे दिपतात आणि आजोबा वीस मिनिटांत "पुरे" म्हणतात.

बोरूबहाद्दर
वरचं सगळं करा, पण आजोबांना प्रत्येक अक्षर दिसलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. मोडी ही नजरेपेक्षा हाताची लिपी. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं खाली लोंबवत जातो. त्यामुळे जुन्या लेखनिकाला अक्षराचा आकार कळण्याआधी वळण कळतं.

अडलेलं अक्षर मुलाने काळ्या पाटीवर खडूने तीन-चार इंचाचं काढावं. तेही नाही दिसलं तर आजोबांच्या तळहातावर बोटाने गिरवावं, सावकाश, कागदावर रेघेपासून जसं निघालंय तसंच आणि त्याच दिशेने. बोट मधेच उचललं की अर्थ जातो. फोटोत नुसता गिचमिड काळा डाग वाटणारं जोडाक्षरही पुष्कळदा तळहातावर ओळखू येतं.

आकार सांगायला दोघांची भाषा एक हवी. नाहीतर मुलगा म्हणणार "ते वाकडं वाकडं आहे ना" आणि आजोबा भडकणार. एवढे शब्द पुरतात : रेघेला चिकटलंय की सुटलंय, गाठ वर की खाली, पोट उघडं की बंद, शेपूट डावीकडे की उजवीकडे, पुढच्या अक्षरात शिरलंय की नाही.

सर्वांत मोठा धोका वेगळाच. मुलाला थोडं यायला लागलं की तो अक्षरं सांगायचं सोडून शब्द सांगायला लागतो. अंदाजाने "घर" म्हणतो, आजोबांना दिसत नसतं, ते "असेल" म्हणतात, आणि चूक वहीत पक्की होऊन बसते. नियम करा : मुलाने फक्त अक्षरं सांगायची, शब्द आजोबांनी पाडायचे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे "मौ-जे-अ-न-गो-ळ-ता-लु-के-बे-ळ-गा-व" असं सपाट म्हणायचं. शंका असेल तिथे वहीत अक्षराखाली टिंब. दुसऱ्या बैठकीत टिंबाच्या ओळी आधी, त्याही शेवटून वर. उलट वाचलं की डोक्यात बसलेला अर्थ आड येत नाही.

निपाणीवाला
आजकाल मोडीसाठी ॲप आहेत की. कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास?

बोरूबहाद्दर
@निपाणीवाला, ॲप आणि तक्ते अक्षरओळखीला ठीक. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, फाँटही आहेत. पण फाँटमधलं अक्षर म्हणजे बाळबोध (देवनागरी) स्वभावाचं मोडी. दस्तातली लपेटी वेगळीच, दर लेखनिकागणिक निराळी. 'र' तर मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो आणि त्यांच्यात मुरून जातो. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार पुष्कळदा गायब. तिथे "असं वाक्य दस्तात येतं का" हे सांगणारा माणूस लागतो, आणि ज्याने उभी हयात दस्त लिहिण्यात घालवली त्याच्याइतका ते कोण सांगणार? मुलाने तक्ता घरी पाठ करावा, बैठकीत तो काढूच नये.

गल्लीतला_एक
सुरुवात कुठून करायची? ते पहिल्या ओळीपासून वाचायला बसतात आणि तिथेच अडकतात.

बोरूबहाद्दर
पहिल्या ओळीपासून कधीच नाही. तिथे राजश्री, मौजे, तर्फ असली मायन्याची संक्षिप्त रूपं खच्चून भरलेली असतात. आधी चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते, शोधा. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, कशातही त्या बहुधा असतातच. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे चार शब्द काय असणार ते आधीच माहीत असल्याने त्या लेखनिकाची डझनभर अक्षरं फुकटात हाताला लागतात. शुद्धलेखन पुस्तकातलं नसेल, 'पश्चमेस' वगैरे दिसेल, दचकू नका. ती अक्षरं कापून एका पानावर चिकटवा, अर्थात प्रिंटमधून. ही त्या हाताची किल्ली. दस्ताच्या तळाशी लिहिणाराचं नाव असतं. त्याच माणसाचे बाकीचे कागद याच किल्लीने उघडतात. तेव्हा रुमालातले कागद सालाप्रमाणे लावण्याआधी हाताप्रमाणे लावा.

त्यानंतर साल, मग नावं, मग रक्कम. मजकूर सगळ्यात शेवटी.

नावांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मुलं 'कोम' हे आडनाव समजतात आणि वंशावळीत एक नवंच घराणं उभं राहतं. सहीच्या जागी नांगराचं चित्र दिसलं तर ती कोणी मारलेली रेघोटी नव्हे, लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची ती निशाणी. बाईच्या नावापुढे बांगडी असते. ही चित्रं आजोबांना तळहातावरही लगेच कळतील. मुलाला कंटाळा आला असेल त्या दिवशी नुसत्या निशाण्या शोधायला लावा.

हिशेबनीस
रकमेबद्दल थोडं. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ दिसली की तो एक नव्हे. एक उभी म्हणजे ४ आणे, दोन ८, तीन १२. आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या, एक ते तीन. म्हणजे १२।= हे बारा रुपये सहा आणे. १२॥ ला मुलं १२११ वाचतात आणि मग दीड एकराची किंमत ऐकून घरभर धावपळ होते. १६ आण्यांचा रुपया, आण्याचे १२ पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ नंतरचे. जमिनीतही हेच चालतं : ४० गुंठे एकर, १६ आणे गुंठा, गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट.

साल शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर ५९०. पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं, एकम आधी आणि हजार शेवटी : 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि ते साल १७७२ च्या उन्हाळ्यापर्यंत चालतं. हे शब्द मुलाला पाढ्यासारखे पाठ करायला द्या. नववीतल्या पोरांना असली गुप्त लिपी भलतीच आवडते, आणि आजोबांना परीक्षा घ्यायला निमित्त.

शहापूरची_सून
कागद कुठल्या गावचे हेही विचारून घ्या. आजचा जिल्हा बघून फसायला होतं. शहापूर आज बेळगावातच आहे, पण सांगली संस्थानचं होतं, त्यामुळे तिथल्या कागदांवर संस्थानी स्टॅम्प निघू शकतो. रायबागकडचे कोल्हापूर संस्थानाचे. आणि चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणून चंदगडच्या जमिनीचा दस्त बेळगावात नोंदलेला दिसला तर तो खोटा ठरवू नका.

खानापूरकर
पोरगं कन्नड माध्यमाचं आहे याचा फायदा घ्या की! उतारा कन्नडमध्येच असतो. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साइटवर आरटीसी, म्हणजे इकडचा सातबारा, दिसते. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ११ मध्ये बोजा आणि हक्क. ते वाचायचं काम पोराचं, आजोबांनी ऐकायचं. मग मोडीतला सर्व्हे नंबर आणि आजचा नंबर जुळवायचा. नंबर बहुधा तोच राहतो, पोटहिस्से फुटत जातात, त्यामुळे नुसत्या नंबरावर विसंबू नका. चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावं घ्या आणि शेजारच्या नंबरांचे उतारे काढून त्याच आडनावांचे वारस आहेत का बघा. तीन बाजू जुळल्या तर जमीन बहुतेक तीच. नाला किंवा गाडीवाट लिहिली असेल तर ती आधी धरा, माणसं बदलतात पण नाला सहसा हलत नाही.

अशानं दोघांचं काम बरोबरीचं होतंय बघा. नाहीतर एकानं नुसतं शिकवायचं आणि दुसऱ्यानं नुसतं मान हलवायची, हे कुठल्याही पोराला महिनाभराच्या वर झेपत नाही.

वकिली_बाणा
चुलत्यांचे कान टवकारलेत म्हणता, म्हणून हे नीट वाचा.

मुलाने वहीत उतरवलेलं लिप्यंतर हा पुरावा नाही, घरची माहिती आहे. कोर्टात किंवा तहसीलदारापुढे द्यायचं झालं तर अधिकृत मोडी वाचकाकडून सही-शिक्क्याचं लिप्यंतर आणि गरजेप्रमाणे कन्नड भाषांतर लागतं. वहीच्या प्रत्येक पानावर "घरगुती वाचन, अपूर्ण" असं लिहून ठेवा. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर त्याच्या खरेपणाबद्दल कोर्ट काही गोष्टी गृहीत धरू शकतं. म्हणून मूळ कागदावर पेन्सिलचं टिंबसुद्धा नको, आणि तो कुठून कधी निघाला ते वडिलांच्या सहीने एका कागदावर लिहून ठेवा.

अर्धवट वाचलेलं गल्लीत बोलायचं नाही. "आमच्या नावावर आणखी दोन एकर होती" हे वाक्य बाहेर गेलं की उद्या आजोबांच्या दारात भांडण. तो कागद कदाचित मुदतीच्या गहाणाचा असेल आणि मागच्या पानावर फेड नोंदलेली असेल. कागद पूर्ण झाल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, आणि सांगायचा तो मुलाच्या आई-वडिलांना, तोही आजोबांनीच. दुसऱ्या कोणी आपले कागद आणून दिले तर मुलाने घेऊ नयेत. गावात बातमी फुटली की आठवड्यात तीन पिशव्या येतात, आणि त्यातली एक नक्की दाव्यातली असते.

कापडात_गुंडाळा
लॅमिनेशन करू नका! हे ओरडून सांगतोय, कारण झेरॉक्सवाला हटकून विचारतो. उष्णतेने कागद भाजतो आणि ते परत निघत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षर खातो.

देशी काजळी शाई उडत नाही पण पाण्याने पसरते, म्हणून ओला हात, चहाचा कप, फडकं सगळं लांब. बेळगावच्या पावसाळ्यात रुमाल सोडूच नका, दमट हवेत घड्या चिकटतात. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की घडी एकेक करून उघडा. उघडेना तर जबरदस्ती नको, तो कागद बाजूला ठेवा. धूळ आणि कसर एक इंची मऊ ब्रशने मधून कडेकडे. बांधायला धुतलेलं, बिनखळीचं मलमल. पत्र्याची ट्रंक भिंतीपासून वीतभर पुढे, खाली दोन फळ्या. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका, आणि बैठकीच्या खोलीत तर मुळीच नको, म्हाताऱ्या माणसाला त्या वासाने ठसका लागतो.

कानात_बोला_हळू
कानयंत्राचं कोणी बोललं नाही. पंखा बंद, टीव्ही बंद, मुलाने समोर बसायचं, यंत्राच्या बाजूला किंचित झुकून. ओरडलं की आवाज चिरका होतो आणि यंत्रात फाटतो. खालच्या पट्टीत, एकेक अक्षर. 'त' आणि 'द', 'प' आणि 'ब' हमखास गोंधळतात, म्हणून मुलाने "तबल्यातला त", "पाटीतला प" असं म्हणावं.

बॅटरी मुलाने बदलायला हरकत नाही. स्टिकरचा रंग बघा : नारिंगी १३, तपकिरी ३१२, निळा ६७५. स्टिकर काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवून मग बसवायची, आत हवा जावी लागते. स्टिकर परत लावून वाचवता येत नाही. आजोबा अचानक चिडचिडे झाले आणि "तू पुटपुटतोस" म्हणायला लागले तर आधी बॅटरी बघा.

माईंचा_सल्ला
दोन्ही घरच्या बायकांची काळजी रास्त आहे, तिला नावं ठेवू नका. बैठक पुढच्या सोप्यात, दार उघडं. वेळ संध्याकाळी ५ पासून पाऊण तास, मधे पाच मिनिटं थांबून. आजोबांची झोप झालेली असते, पोराची शाळा सुटलेली असते. आठवड्यात तीन दिवस पुरेत. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून फक्त रविवार, आणि हे आधीच ठरवून आजोबांना सांगायचं. न सांगता पोरगं यायचं बंद झालं की म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

खाऊ म्हणून कुंदा आणू नका, साखर आहे त्यांना. फुटाणे चालतील, दात असतील तर. घाम, हाताला कंप, बोलण्यात घोळ दिसला आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, सुनेला हाक, पंधरा मिनिटांत सुधारलं नाही तर १०८. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. याशिवाय औषधाला मुलाने हात लावायचा नाही. एटीएम, पिन, ओटीपी तर अजिबात नाही, आजोबांनी स्वतः सांगितलं तरी. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला फोन धरायचा असेल तर घरचं माणूस शेजारी हवं. पुढे पैशाचा काही घोळ झाला की पहिलं बोट बाहेरच्या पोराकडे जातं, म्हणून ही काळजी मुलासाठीच.

प्रिंटचा खर्च मुलाच्या घरच्यांनी द्यावा. कागद त्यांचे.

निपाणीवाला
पटलं. पण आजोबा थकून चुकीचं सांगायला लागले तर? पोराने दुरुस्त करायचं का?

बोरूबहाद्दर
तोंडावर नाही. टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. पुढच्या वेळी ताजे असताना तीच ओळ, आधी काय सांगितलं होतं ते न सांगता, पुन्हा म्हणायची. दोन्हीदा वेगळं आलं तर दोन्ही वाचनं वहीत ठेवायची. आणि सलग तीन ओळींत टिंबं पडली की त्या दिवशी कागद मिटायचा. मग आजोबांनी सांगायचं नि मुलाने लिहायचं असं उलट करा : मुलाने बोरू किंवा कट निबच्या पेनाने रेघ मारून स्वतःच्या घराचा पत्ता मोडीत लिहायचा. आजोबांचा हात त्याच्या मनगटावर असेल तर वळण कुठे चुकतंय ते त्यांना न बघता कळतं.

गल्लीतला_एक
उत्तम. रुमालात वरच एक मोठं वाटणीपत्र दिसतंय, चार भावांचं. तेच आधी घ्यावं म्हणतोय मुलगा.

वकिली_बाणा
तेच नका घेऊ. चुलत्यांचा रस नेमका त्यात असणार. आधी एखादा साधा कर्जरोखा किंवा भाडेपट्टा, एका पानाचा, संबंधितांपैकी कोणी हयात नसलेला. वाटणीपत्राचे फोटो काढून ठेवा आणि मुलाच्या वडिलांनी चुलत्यांना आधीच सांगावं की वाचणार आहोत, हवं तर येऊन बसा.

बोरूबहाद्दर
बसा, पण गप्प बसा, असंही सांगा. मधे चार जण बोलायला लागले तर आजोबांना अक्षर ऐकू येणार नाही.